रुग्णाच्या हातातील आलेख

सार्वजनिक रुग्णालयाच्या सामान्य कक्षात ज्यांनी आप्ताच्या उशाशी एखादी रात्र काढली असेल, त्यांना खाटेच्या पायथ्याशी लटकवलेली ती पत्र्याची पाटी आठवत असेल. तिला एक कागद अडकवलेला असतो आणि त्यावर ताप, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी केलेल्या असतात. सकाळच्या फेरीत डॉक्टर येतात, पाटी उचलतात, कागदावरून नजर फिरवतात, परिचारिकेला दोन शब्द सांगतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. कागद ज्याच्या शरीराविषयी बोलत असतो, त्याला मात्र तो दिसत नाही. पाटी त्याच्या पायाशी असते आणि तिचे तोंड पलीकडे असते. ही रचना कोणी दुष्ट बुद्धीने केलेली नाही. परंतु रुग्ण आणि त्याच्या आजाराविषयीचे ज्ञान यांचे नाते आजवर कसे राहिले, हे त्या पाटीइतके नेमकेपणाने दुसरे काही सांगत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही पाटी हळूहळू रुग्णाकडे वळू लागली आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, अपस्मार, संधिवात अशा आयुष्यभर सोबत करणाऱ्या व्याधींचे रुग्ण आता स्वतःच्या नोंदी संगणकावर किंवा मोबाइलवर ठेवू लागले आहेत. त्या नोंदींचा आलेख पडद्यावर उमटतो आणि तो छापील आलेखासारखा मुका नसतो. एखाद्या बिंदूवर बोट ठेवले, की त्या दिवशी कोणते औषध घेतले, काय खाल्ले, झोप किती झाली हे समोर येते. बोटाने ताणला तर एक दिवस दिसतो, आवळला तर पाच वर्षे दिसतात. काही ठिकाणी तर आपल्यासारख्याच शेकडो रुग्णांच्या रेषांमध्ये आपली रेषा कोठे आहे, तेही पाहता येते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की हा प्रश्न मुळात ज्ञानाच्या वाटपाचा आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या ज्या निबंधापासून आरोग्याचे अर्थशास्त्र सुरू झाले असे मानले जाते, त्यात त्यांनी हेच दाखवले होते, की उपचाराची बाजारपेठ इतर बाजारपेठांसारखी चालत नाही. कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते, ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. रुग्णाच्या हातात आलेख आल्याने ही दरी थोडीशी बुजते. परंतु तो आलेख वाचावयास रुग्णाच्या शेजारी कोण बसते आणि शेवटी तो कोणाच्या मालकीचा होतो, यावर या सुधारणेचे खरे मोल ठरणार आहे.

व्यापाराचा आलेख, तापाचा आलेख

वर्गात मागणीचा वक्र काढताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की काळाच्या आडव्या अक्षावर आकड्यांची रेषा ओढण्याची पद्धत आर्थिक व्यवहारासाठी प्रथम रूढ केली ती विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. कोष्टकातील आकडे वाचून ध्यानात राहत नाहीत, पण रेषेचा चढउतार डोळ्यांत भरतो, हे त्याने ओळखले होते.

वैद्यकात ही रेषा स्थिरावली ती जर्मनीत. लाइपझिग येथील प्राध्यापक कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदींचा अभ्यास करून १८६८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे आणि निरनिराळ्या रोगांत तापाची रेषा निरनिराळी वळणे घेते, असे त्यांनी दाखवले. खाटेच्या पायथ्याशी लटकणारा तक्ता हा त्याच परंपरेतला. विषमज्वराच्या किंवा न्यूमोनियाच्या रुग्णाला तो तक्ता दिसत नसे, याने फारसे बिघडत नव्हते. तो पंधरा-वीस दिवस खाटेवर असे. निर्णय डॉक्टरांचे असत आणि त्याने करावयाचे असे थोडेच असे.

दीर्घकालीन व्याधीचे गणित अगदी वेगळे आहे. वर्षाचे तास ८,७६०. मधुमेहाचा एखादा नेमस्त रुग्ण दर महिन्याला डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी त्याला पंधरा मिनिटे मिळाली असे उदारपणे धरले, तरी वर्षाचे तीनच तास होतात. उरलेले ८,७५७ तास तो स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतो. काय खावे, किती चालावे, गोळी चुकली तर काय करावे, हे शेकडो लहान निर्णय तो एकटा घेतो. ज्याने हे निर्णय घ्यावयाचे, त्याच्यापासूनच पाटीचे तोंड फिरवून ठेवणे म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखे आहे.

एका अभियंत्याचा हट्ट

ही पट्टी प्रथम ज्यांनी स्वतः सोडली, त्यांत रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकी अभियंत्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९४६ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना मधुमेह जडला. तिशी ओलांडेपर्यंत शरीरावर त्याचे दुष्परिणाम दिसू लागले होते. १९६९ मध्ये त्यांच्या पाहण्यात एका यंत्राची जाहिरात आली. रात्री प्रयोगशाळा बंद असताना आलेला बेशुद्ध माणूस मद्यपी आहे की मधुमेही, हे रुग्णालयाला ओळखता यावे म्हणून बनवलेले, रक्तातील साखर मोजणारे ते यंत्र होते. वजन सुमारे तीन पौंड, किंमत ६५० डॉलर. ते फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकले जाई. रुग्णाला मिळत नसे. बर्नस्टाइन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावावर यंत्र मागवण्यात आले आणि बर्नस्टाइन दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागले. कोणत्या अन्नाने ती किती चढते, किती इन्सुलिनने किती उतरते, याचे कोष्टक त्यांनी अभियंत्याच्या शिस्तीने तयार केले आणि आपली प्रकृती सावरली.

त्यांनी यावर लिहिलेले लेख वैद्यकीय नियतकालिकांनी परत पाठवले. रुग्णाने घरी साखर मोजावी ही कल्पनाच तेव्हा विचित्र वाटत होती. आपले कोणी ऐकत नाही हे पाहून या गृहस्थांनी पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. २०२५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दरम्यान अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने वारंवार मोजमाप आणि काटेकोर नियंत्रण यांची बाजू निर्विवाद सिद्ध केली होती. इन्सुलिनवर जगणाऱ्या या रुग्णांपैकी ज्यांनी दिवसातून किमान चारदा साखर मोजून त्याप्रमाणे मात्रा बदलली, त्यांच्या डोळ्यांना होणाऱ्या नव्या विकाराचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने घटला. एका रुग्णाचा हट्ट अशा रीतीने शास्त्राचा नियम झाला.

अठ्ठेचाळीस गुणांची रेषा

बर्नस्टाइन एकटे होते. इंटरनेटने अशा एकट्यांना एकत्र आणले. १९९८ मध्ये स्टीफन हेवूड या अमेरिकी तरुणाला एएलएस हा मज्जासंस्थेचा असाध्य विकार झाल्याचे निदान झाले. या रोगात स्नायू एकामागून एक निकामी होतात. अखेरीस श्वासही थांबतो. त्याच्या भावांनी एका मित्राच्या साहाय्याने २००४ मध्ये ‘पेशंट्सलाइकमी’ या नावाचा उपक्रम स्थापन केला. बोलणे, गिळणे, लिहिणे, जिना चढणे, श्वास घेणे अशा बारा बाबींना प्रत्येकी चारपर्यंत गुण देण्याची एक पद्धत एएलएसच्या तज्ज्ञांमध्ये रूढ होती. संकेतस्थळावर रुग्ण स्वतःच हे गुण भरत. अठ्ठेचाळीसपासून खाली उतरणारी आपली रेषा, इतरांच्या रेषांच्या पार्श्वभूमीवर, त्यांना दिसत असे. आपण सरासरीपेक्षा जलद उतरत आहोत की सावकाश, हे त्यांना कळे. हे ज्ञान कठोर खरे. पण चाकाची खुर्ची केव्हा घ्यावी, नोकरी केव्हा सोडावी, मुलांशी केव्हा बोलावे, हे ठरवण्यास त्याचा उपयोग होता.

२००८ च्या आरंभी इटलीतील संशोधकांनी जाहीर केले, की लिथियम या जुन्या आणि स्वस्त औषधाने एएलएसची गती मंदावते. त्यांनी ते केवळ १६ रुग्णांना दिले होते आणि २८ जणांशी तुलना केली होती. ज्याच्यापाशी दोन-तीन वर्षे उरली आहेत, तो मोठ्या प्रयोगाची वाट कशी पाहणार? अनेक रुग्णांनी आपापल्या डॉक्टरांकरवी लिथियम सुरू केले. त्यांतूनच पुढाकार घेऊन ब्राझीलमधील एक रुग्ण आणि अमेरिकेतील एका रुग्णाची कन्या यांनी या साऱ्यांच्या नोंदी एकत्र करण्यास प्रारंभ केला आणि पेशंट्सलाइकमीने त्यासाठी साधने पुरवली.

आता येथे एक पेच होता. आपण होऊन औषध घेणारे आणि न घेणारे यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरते. कारण उमेद असलेलेच प्रयोग करतात. यावर त्यांनी काढलेला तोडगा सांख्यिकीच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. लिथियम घेणाऱ्या १४९ रुग्णांपैकी प्रत्येकासाठी, औषध सुरू होण्यापूर्वी ज्यांची रेषा त्याच्याच रेषेसारखी उतरत होती असे, लिथियम न घेणारे रुग्ण निवडण्यात आले, एकूण ४४७. बारा महिन्यांनंतर पाहिले तेव्हा दोन्ही गटांच्या रेषांत फरक नव्हता. लिथियमचा उपयोग नाही, असा निष्कर्ष २०११ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रीतसर, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही २०१० आणि २०१३ मध्ये असेच आले.

औषध लागू पडले नाही, म्हणजे हे सारे व्यर्थ गेले, असे काहींना वाटेल. मला ते तसे वाटत नाही. खोट्या आशेमागे धावण्यात उरलेले दिवस खर्चू नका, हे मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी आपल्या मागून येणाऱ्यांना प्रामाणिकपणे मोजून सांगितले. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, म्हणजे एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी जी कमी होत नाही, तिचे याहून उदात्त उदाहरण मला ठाऊक नाही.

आईची वही

या परदेशी कथा वाचताना मला घरातली एक गोष्ट आठवते. माझी आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. घरी साखर मोजण्याचे यंत्र आणल्यापासून ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजी आणि लाल पेन्सिलीने आखलेल्या शंभर पानी वहीत लिहून ठेवी. ही वही ती दर खेपेला डॉक्टरांकडे नेई. बाहेर पंचवीस रुग्ण खोळंबलेले असत. डॉक्टर पहिले पान पाहून ‘छान, चालू ठेवा’ म्हणत.

एका सुटीत मी त्या वहीतील सहा महिन्यांचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. रेषा एरवी बरी होती, पण साधारण दर पंधरवड्याला एक शिखर वर येत होते. भिंतीवरचे कालनिर्णय काढून तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. ती शिखरे एकादशीची होती. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू! आईने कागद बराच वेळ निरखला आणि म्हणाली, “अरे, म्हणजे देवाच्या नावाने मी साखरच खात होते की!” जे डॉक्टरांनी, मी आणि पथ्याच्या छापील पत्रकाने वर्षानुवर्षे सांगून पटले नव्हते, ते तिच्या स्वतःच्याच आकड्यांनी तिला एका क्षणात पटले. आलेखाचे सामर्थ्य मला त्या दिवशी कळले.

त्याचा धोका कळावयास आणखी काही महिने लागले. माझा धाकटा भाऊ नागपूरला असतो. त्याने उत्साहाने आईच्या मोबाइलवर नोंदी ठेवण्याची सोय करून दिली. आता आकडा भरताच रेषा उमटे आणि ती आम्हा दोघा भावांच्या मोबाइलवरही दिसे. तीन महिने रेषा अत्यंत देखणी होती. मग प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी केली, तर ती पूर्वीपेक्षा वाढलेली. आम्ही चकित झालो. आईने शांतपणे खुलासा केला. लग्नकार्याच्या, सणाच्या, उपवासाच्या दिवशी ती साखर मोजतच नव्हती. “आकडा जरा वर गेला, की तुम्ही दोघे लगेच फोन करता. मला शाळा तपासणीचे दिवस आठवतात. साहेब यायचे त्या दिवशी आम्ही कच्च्या मुलांना घरीच ठेवायचो.”

मी वर्गात गुडहार्टचा नियम शिकवतो. मोजमापालाच उद्दिष्ट बनवले, की ते मोजमाप भरवशाचे राहत नाही, असा १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडल्या गेलेल्या त्या नियमाचा आशय आहे. माझ्या आईने तो मला तिच्या नोकरीतील एका वाक्यात शिकवला. आणि ती काही एकटी नव्हे. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहींना गुप्त स्मृती असलेली यंत्रे देण्यात आली होती. यंत्र आकडे लक्षात ठेवते हे त्यांना सांगितले नव्हते. त्यांच्या वह्या यंत्राशी ताडून पाहिल्या, तेव्हा पुष्कळांनी वाईट आकडे गाळले होते आणि न मोजलेले चांगले आकडे लिहिले होते, असे आढळले. ही माणसे लबाड नव्हती. जिथे आकडा म्हणजे परीक्षेचा निकाल होतो, तिथे माणूस कॉपी करतो, इतकेच.

आकड्याची किंमत

म्हणून आलेखाची साधने विकणाऱ्यांच्या जाहिरातींना भुलू नये. नुसते मोजल्याने आजार बरा होत नाही, आटोक्यातही येत नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० मधुमेहींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींनी रोज साखर मोजली, काहींनी मोजली नाही. वर्षाअखेरीस दोघांच्या नियंत्रणात लक्षणीय फरक नव्हता. याउलट इंग्लंडमध्ये रक्तदाबाच्या १,१८२ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण घरी रक्तदाब मोजत आणि डॉक्टर त्या नोंदी पाहून औषधाची मात्रा बदलत. वर्षभरानंतर अशा रुग्णांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी तीन ते चार अंकांनी खाली होता.

आजार वेगळे, देश वेगळे; तरी या दोन प्रयोगांना शेजारी ठेवले, की एक गोष्ट जाणवते. माहितीला स्वतःचे असे मूल्य नसते; तिच्यामुळे एखादा निर्णय बदलला तरच तिला मूल्य येते. आईच्या वहीला, ती आलेखाच्या कागदावर मांडली जाईपर्यंत, तिच्या रद्दीइतकीच किंमत होती. पडद्यावरची सुंदर रेषाही, ती पाहून काय करावयाचे हे सांगणारा कोणी नसेल, तर निराळ्या रंगाची रद्दीच होय.

आपल्या देशात या प्रश्नाचे आकारमान किती आहे ते पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख होती आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर होते. साखर मोजण्याच्या एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात. दिवसाला एक पट्टी म्हटली तरी महिन्याचा खर्च पाचशेच्या आसपास जातो. निवृत्त शिक्षिकेला तो झेपतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला झेपत नाही. पडदा फुकट मिळाला, तरी त्यावरचा प्रत्येक बिंदू विकत घ्यावा लागतो, हे विसरून कसे चालेल?

रेषा कोणाच्या मालकीची?

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पेशंट्सलाइकमीची कथा लिथियमपाशी संपत नाही. रुग्णांनी भरलेली माहिती औषध कंपन्यांना विकून हा उपक्रम चालत असे आणि ही गोष्ट त्याने लपवली नव्हती. २०१७ मध्ये एका चिनी कंपनीने त्यात मोठा हिस्सा विकत घेतला. अमेरिकी नागरिकांच्या आरोग्याची माहिती परकीयांच्या हाती जाते, या कारणाने अमेरिकी सरकारने तिला तो हिस्सा सोडावयास भाग पाडले. मग २०१९ मध्ये हा उपक्रम युनायटेडहेल्थ समूहाने विकत घेतला. हा समूह आरोग्यविम्याच्या व्यवसायातील अमेरिकेतील अग्रगण्य समूहांपैकी एक आहे.

या व्यवहारात काही बेकायदेशीर घडले, असे माझे म्हणणे नाही. पण एकमेकांना साहाय्य व्हावे म्हणून ज्यांनी आपल्या थकत चाललेल्या बोटांनी गुण भरले, त्यांच्या रेषा तीन वर्षांच्या आत दोन निरनिराळ्या मालकांकडे गेल्या आणि त्यासाठी त्यांचे मत कोणी विचारले नाही. श्रम रुग्णांचे, दुःख रुग्णांचे आणि मालमत्ता कंपनीची. सार्वजनिक वस्तू निर्माण करणाऱ्यांनाच तिच्यावर हक्क नसावा, हा बाजारपेठेचा न्याय आहे. तो नीतीचा न्याय खासच नव्हे.

ही चिंता आपल्याला दूरची वाटावयाचे कारण नाही. आपल्याकडे आरोग्यविमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल असतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. ज्या क्षेत्रात आजाराची तारीख पैशात मोजली जाते, तिथे दिवसागणिक नोंदींचा आलेख कोणाला मोलाचा वाटेल, हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो आणि रुग्णाच्या संमतीनेच नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे जाव्यात, असे तत्त्व आहे. तत्त्व उत्तम आहे. परंतु आईला घेऊन मी एका रुग्णालयात गेलो, तेव्हा केसपेपरच्या खिडकीवर ‘मोबाइलवर आकडा आला असेल, तो सांगा’ एवढेच वाक्य ऐकू आले. मागे रांग होती. आकडा सांगितला, संमती झाली!

२०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र युरोपात २०१८ पासून अमलात असलेल्या नियमांशी तो ताडून पाहिला, तर दोन उणिवा ठळकपणे दिसतात. युरोपात आरोग्याची माहिती विशेष संवेदनशील मानून तिला निराळे संरक्षण दिले आहे. आपल्या कायद्यात तशी निराळी वर्गवारी नाही. युरोपात आपली माहिती एका सेवेतून काढून, वापरता येईल अशा स्वरूपात, दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला आहे. तो हक्कही आपल्या कायद्यात नाही. म्हणजे दहा वर्षांचा आलेख ज्या कंपनीकडे असेल, तिच्याकडेच रुग्णाने बांधलेले राहावे, याला वाव उरतो.

काय व्हावयास हवे

यावर उपाय अवघड नाहीत. पहिला, आरोग्याच्या नोंदींची स्वतंत्र वर्गवारी करून, रुग्णाने स्वतःसाठी ठेवलेल्या नोंदी विम्याच्या वा नोकरीच्या निर्णयासाठी वापरण्यास कायद्यानेच बंदी असावी. दुसरा, आपला संपूर्ण आलेख हवा तेव्हा काढून घेण्याचा आणि हवा तेव्हा पुसून टाकण्याचा हक्क रुग्णाला असावा; आणि अशी साधने चालवणारी कंपनी विकली जाईल, तेव्हा त्याची संमती नव्याने घेतली जावी. तिसरा, सरकारने पडद्यावर खर्च करताना पट्ट्या आणि रक्तदाबाची यंत्रे यांचाही विचार करावा. चौथा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा, म्हणजे आलेख वाचावयास रुग्णाच्या शेजारी बसणारा माणूस उभा करावा. २०१७ मध्ये भारतात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. औषध न्यावयास न आलेला रुग्ण नोंदींतून हुडकून काढणे, हा त्या उपक्रमाचा एक आधार होता. ज्या परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या हे काम करू शकतात, त्यांना आलेख वाचावयास शिकवणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे. आणि त्या आलेखावरची भाषा रुग्णाला कळणारी, आपल्याकडे मराठी, असावी.

शिक्षकांनाही यात थोडे करता येईल. आलेख आपण गुणांसाठी शिकवतो. दोन अक्ष, प्रमाण, बिंदू, झाले. एका आकड्याने घाबरून जाऊ नये, महिन्याची दिशा पाहावी. एक शिखर म्हणजे कल नव्हे. एक गोष्ट दुसरीच्या मागोमाग आली म्हणून पहिली तिचे कारण ठरत नाही, हे जर दहावीच्या मुलाला उमजले, तर तो आपल्या आजीचा आलेख वाचून दाखवू शकेल. चढउताराने भरलेल्या रेषेकडे पाहताना मनाचा तोल कसा राखावा, हे शिकवणे नागरिकशास्त्राचाच भाग मानावयास हरकत नाही.

आमच्या घरी मग एक तह झाला. आलेख आईच्या मोबाइलवर राहतो; आम्हा भावांना तो आपोआप दिसण्याची सोय तिने बंद करावयास लावली. महिन्यातून एकदा, तिला वाटेल तेव्हा, ती आम्हाला तो दाखवते, शिखरांसकट. एकादशी मोडलेली नाही. पण डॉक्टरांना विचारून खिचडीची वाटी लहान झाली आहे आणि सोबत काकडी आणि ताक आले आहे. पुढच्या तपासणीत सरासरी खाली आली. गेल्या खेपेस डॉक्टरांच्या खोलीत तिने मोबाइल टेबलावर ठेवला, बोटाने तीन महिने आवळून एका दृष्टिक्षेपात दाखवले आणि एका शिखरावर बोट ठेवून म्हणाली, “हे पाहा, ही आषाढी.” डॉक्टर खुर्चीतून पुढे वाकले. दोघेही एकाच बाजूने एकच रेषा पाहत होते.